‘आसरा’चा बाराचा खेळ

शिवदासच्या घरात चार महिने एक गोष्ट फार शिस्तीत चालली होती. त्याची आई अंजनाबाई आणि त्याची बायको शकु एकमेकींशी बोलत नव्हत्या. वाकोल्याची दहा बाय बाराची खोली, तिच्यात तीन माणसं. न बोलून भागणार कसं? मग दोघी शिवदासमार्फत बोलायच्या. "सांग तुझ्या बायकोला, वरणात मीठ न्हाई." "सांगा तुमच्या आईला, मीठ डब्यात आहे." दोघींचं बोलणं दोघींना आधीच ऐकू गेलेलं असायचं. तरी त्यानं ते पुन्हा सांगावं लागे, नाहीतर निरोप पोचला असं कोणी धरत नसे.

बुधवारी शकुनं पिशवी भरली. रविवारी संध्याकाळी मुलुंडला भावाकडे जाणार, परत यायचं नंतर बघू, असं म्हणाली. त्या ‘बघू’नं शिवदासची झोप उडवली. त्याचा शकुवर फार जीव होता. आईवरही होता, आणि दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी साकीनाक्याच्या कारखान्यात लेथवर त्यानं अकरा नग वाया घालवले.

त्याच दुपारी डब्याखाली अंथरलेल्या पेपरात त्याला जाहिरात दिसली. ‘आसरा. एका अभागी सुनेची हृदयाला पाझर फोडणारी कहाणी. सासू-सुनांनी जोडीनं पाहावा असा. रुमाल विसरू नका.’ चित्रात डोक्यावर पदर घेतलेली सून, तिच्या खांद्यावर सासूचा हात आणि मागे विहीर. आसरा म्हणजे आधार, एवढंच शिवदासला ठाऊक होतं. वाकोल्यात जन्मलेल्या माणसाला विहिरीचं काय कळणार? तिथे नळ होता, तोही पहाटेचा. दोघी शेजारी बसून अडीच तास रडल्या तर काहीतरी पाघळेल, असा त्याचा हिशोब होता. त्यानं मालाडच्या कमलप्रभा टॉकीजची रविवारी बाराच्या खेळाची तीन तिकिटं काढली.

टॉकीज बायकांनी खच्चून भरलं होतं. जिच्या तिच्या हातात रुमाल. मागच्या रांगेत मढची एक कोळीण बसली होती, सखुबाई नावाची. तिनं तर टॉवेलच आणला होता. शिवदास मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला शकु. दिवे गेले. सून लग्न होऊन आली, एक गाणं झालं, सासू तिला टाकून बोलली. बायकांनी रुमाल हाताशी घेतले. सगळं कसं जाहिरातीप्रमाणे चाललं होतं.

मग सून भर दुपारी पाण्याला गेली, तर विहिरीच्या काठावर ओल्या हिरव्या लुगड्यातल्या सात बाया ओळीनं बसलेल्या. एकीचीही पापणी लवत नव्हती.

"तुमच्या आईला विचारा," शकु म्हणाली, "या सात जणी कोण?"

"आई, ही विचारते, या सात जणी कोण?"

"सांग तिला, आसरा हायेत. पाण्यात ऱ्हातात. बाईमानसाला आत वढतात."

 करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे शिवदासला तिथल्या तिथे कळलं. निरोप मात्र चालूच राहिले. ओढून काय करतात? सांग तिला, जीव घेतात. पुरुषांना का नाही ओढत? सांग तिला, पुरुष पाणी भरतोय कधी?

मागून सखुबाईनं त्याच्या खांद्यावर बोट ठोकलं. "ए पोरा, काय लावलंय मघापासून? त्यांना जिभा नाहीत काय? उठ, कडेला बस!"

आजूबाजूच्या बायकांनी सखुबाईची बाजू घेतली. बायकांच्या गर्दीत एकट्या पुरुषानं वाद घालू नये एवढी अक्कल त्याला होती. तो मुकाट उठला, शकुला मधल्या खुर्चीवर सरकवलं आणि स्वतः तिच्या कडेच्या खुर्चीवर बसला. आई आणि शकु यांच्यामध्ये आता फक्त खुर्चीचा एक दांडा होता.

मध्यंतराच्या जरा आधी विहिरीपाशी सासूनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. जाहिरातीतला तोच हात. बायकांनी रुमाल डोळ्यांकडे नेले आणि सासूनं सुनेला आत ढकलून दिलं.

दिवे लागले तेव्हा मॅनेजर मार्तंडरावांच्या खोलीसमोर साठ-सत्तर बायका जमल्या होत्या.

"आम्ही रडायला आलो होतो," एक बाई म्हणाली. "घरात पाहुणे टाकून आलेय मी."

"मग रडा ना, बाई. कोणी अडवलंय?"

"भुताच्या सिनेमात कसं रडायचं? खोटी जाहिरात करता!"

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. "जाहिरातीत खोटं काय ते दाखवा. सून आहे, अभागी आहे. सासू आहे. आसरा तर साताच्या साती आहेत."

"आणि रुमाल?"

"घाम पुसायला लागेल. पुढचा भाग फार भारी आहे."

बायका घरी जातील असं त्यांना वाटलं असावं. एकही गेली नाही. सासूचं पुढे काय होतं ते बघितल्याशिवाय कोण हलतंय!

पुढच्या भागात बुडालेली सून आठवी आसरा होऊन वर आली आणि टॉकीजची सरळ फाळणी झाली. तिनं सासूचा पाय धरला तशी सुनांच्या बाजूनं टाळी पडली. पिकल्या केसांच्या बायका उभ्या राहून पडद्याला शिव्या घालू लागल्या. सखुबाईला चार सुना होत्या. तिनं टॉवेल तोंडावर घेतला आणि एका डोळ्यानं बघत राहिली.

अंजनाबाई ढिम्म बसली होती.

"आत्या, तुम्हाला भीती नाही वाटत?" शकुनं विचारलं. मध्ये कोणी नसल्यामुळे तिला थेटच विचारावं लागलं.

"आसरांची? आसरा-बिसरा काय नसतंय. छप्पन साली धम्म घेतला, समदे देव नदीत सोडले, तवा आसरांचे सात दगड म्या आधी फेकले."

"आधी का?"

अंजनाबाईला हळू बोलता यायचं नाही, त्यामुळे कडेला शिवदासलाही ऐकू आलं.

"माझी धाकटी भन व्हती, चंद्रा. सासरचा जाच. दोनदा गठुडं घेऊन पळून आली. बानं दोनदा माघारी पोचवली. दुसऱ्या खेपंला संगं मी व्हते. वाटंत म्हनलं, आता नीट नांद. म्हैन्यानं निरोप आला, चंद्राला आसरांनी वढली. गावात कुनी इचारलं न्हाई. आमीबी न्हाई. आसरांनी वढली म्हनलं की इचारायचं काय?"

पडद्यावर सासू किंचाळत विहिरीत चालली होती.

"हिरीत आसरा नव्हत्या," अंजनाबाई म्हणाली. "सासू व्हती."

शिवदासला मावशी होती हेच आज पहिल्यांदा कळत होतं. त्याला आईची फार दया आली आणि आजवर आपण काहीच विचारलं नाही याची लाजही वाटली. त्यानं शकुकडे पाहिलं. तिनं रुमाल काढला होता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बायका नव्या येणाऱ्या बायकांना बजावत होत्या, "अगदी बघण्यासारखा आहे हो, रुमाल घेऊन जा." आपण फसलो तर शेजारीण का सुटावी?

बसस्टॉपवर शिवदासनं शेवटी धीर केला. "मग मुलुंडचं काय ठरलं?"

"जानार ती," अंजनाबाई म्हणाली. "पिशवी मी घेते, मी पोचवते. न्यायलाबी मीच येनार, तू यायचं न्हाई."

त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात सुनेला माहेराहून आणायला सासू स्वतः गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. सासू सांगावा धाडते आणि दीर नाहीतर नवरा जातो. शकुनं पदर सावरला.

"आत्या, किती दिवस राहू?"

"ते मी न्हाई सांगनार. चंद्राला आमीच सांगितलं व्हतं, नांद म्हनून."

बस आली. वाकोल्याचीच होती, पण तिघांतलं कोणी हललं नाही. ती निघून गेली.

"चार दिवस," शकु म्हणाली. "पाचव्या दिवशी सकाळी या, आत्या. मी तयार असेन."