आप्पांच्या शेजारची जागा

राखेचा बुधवार झाला, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस म्हणजे लेंट लागला, की आमच्या चर्चच्या मंडळीत जो तो दुसऱ्याला विचारतो, "या लेंटमध्ये काय सोडलं?" कुणी मटण सोडतं, कुणी चहा. जे सोडलं त्याचे पैसे ईस्टरपर्यंत गरजवंताच्या हाती द्यायचे, असा नेम. माझ्या नवऱ्याने गेल्या वर्षी तंबाखू सोडली आणि ईस्टरच्या सकाळी, उपासनेच्याही आधी, पुन्हा धरली. आई दरवर्षी मटण सोडायची. यंदा विचारलं तर म्हणाली, "बघू." मला वाटलं, वय झालं, आता हिला कसलं आलंय सोडणं.

आमची दफनभूमी केज गावाच्या बाहेर आहे. एवढासा तुकडा, आणि थोडं खणलं की खडक, त्यामुळे एका कबरीवर दुसरी करता येत नाही. वाढीव जागेसाठी कचेरीत खेटे घालून म्हातारे मेले. आत एकच जागा उरली होती, माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, उजव्या हाताला. आप्पा गेले तेव्हाच आईने तिला विटांची कड करून घेतली होती. दर रविवारी ती आप्पांची कबर झाडायची आणि मग आपली रिकामी जागाही झाडायची. "आतापासूनच घर लावायलीस का?" मी चिडवायचे. ती नुसती हसायची.

त्या जागेवर तिचा एवढा जीव, कारण जिवंतपणी आप्पा तिच्या शेजारी फारसे राहिलेच नाहीत. बाजाराच्या पलीकडे सालोमी नावाची बाई राहायची, आमच्याच मंडळीतली. आप्पांनी भरल्या संसारातून उठून तिच्याकडे बिऱ्हाड केलं आणि अंथरूण धरल्यावर मात्र मरायला आमच्याकडे आले. आईने त्यांचं हगणंमुतणं काढलं. त्या बाईचं नाव मी घरात कुणाला काढू दिलं नाही.

ईस्टरला आठवडा उरला असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, ती सालोमी अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारली. मूलबाळ नाही, भावकीने हात वर केले. पाळकसाहेबांनी मंडळीला चर्चमध्ये बोलावलं. प्रेत दवाखान्यात पडलेलं, पुरायला जागा नाही. त्यांनी आजूबाजूच्या मंडळ्यांना फोन लावून पाहिले, कुणी हो म्हणेना.

"माजी द्या," मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. आई उभी होती.

"काय द्या?" मी विचारलं.

"जागा. ह्यांच्या शेजारची."

मी सगळ्यांसमोर ओरडले. "माय, डोकं ठिकानावर हाय का तुजं? जित्तेपनी तुजा नवरा नेला तिनं! आता मेल्यावरबी तिलाच द्यायचा? आन तू कुटं जाशील?"

"जाईन कुटंबी. नेशील तितं."

"पन कावून?"

"आगं, दात न्हाईत मला. मटण सोडून मी देवाला काय दिलं? देन्याजोगं माज्याजवळ येवढंच हाय. मला लई पायजे ती जागा. म्हनून तर द्यायलेय."

पाळकसाहेब कसेबसे म्हणाले, "सुभद्राबाई, घाई करू नका. आधी प्रार्थना करा."

"केली," आई म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पुरलं. मी गेले ते केवळ आईला एकटीला चालवत नाही म्हणून. तिने आपल्या हाताने विटा उपसून बाजूला रचल्या. पेटी आप्पांच्या शेजारी उतरली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, आईनेही टाकली. मी हात बांधून उभी राहिले. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत आईचं नाव घेतलं, क्षमा करावी तर अशी म्हणाले. बायका पदराने डोळे पुसत होत्या.

परतताना माझा राग निवळत आला होता. इतकं मोठं मन या बाईचं, आणि मी तिला चारचौघांत वेडी ठरवलं.

"माय," मी म्हटलं, "तू माफ केलंस तिला. मला न्हाई बग जमायचं."

आई थांबली. "कुनी सांगितलं माफ केलं म्हनून?"

"मग जागा कशी दिलीस?" मी विचारलं.

"तिला न्हाई केलं. ह्यान्लाबी न्हाई. रोज मागते देवाला, येतच न्हाई माफी. माफीची वाट बगत बसले असते, तर ती बाई तिकडं दवाखान्यात सडली असती."

एवढं बोलून ती रस्त्याच्या कडेला मातीत बसली आणि मोठ्याने रडायला लागली. आप्पा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. जीपवाले थांबून बघायला लागले. मी तिच्याजवळ खाली बसले.

"मला तितं निजायचं हुतं गं, दीपे," ती म्हणाली.