रानकांद्याचा रकाना

वनखात्यात झाडं मोजणाऱ्या मोजणीबाई सव्वीस वर्षं ऑफिसमागच्या उतारावर दोन रानफुलांची तुलना करत होत्या. तुलना कसली, एकीचे लाड आणि दुसऱ्याचे हाल! पांढरी आमरी 'दुर्मिळ', म्हणून तिला तारेचं कुंपण, पाटी आणि वर पहारेकरी. रानकांदा 'सगळीकडे आढळतो', आणि सगळीकडे आढळणारं मोजायचं नाही असा नियम. त्यामुळे आमरी बघायला येणारे खुशाल रानकांद्यावर उभे राहत.

त्या उन्हाळ्यात आमरीचे कंद जमिनीत ढाराढूर झोपले होते. पहारेकरी डोळ्यांत तेल घालून रिकामी माती राखत होता. कुंपणाबाहेर मात्र रानकांद्याची एक दांडी कमरेएवढी फुलली होती. बाईंनी सगळा उतार पालथा घातला. दुसरी दांडी नाही. आणि नेमकं तिथंच आज पाहुण्यांच्या ओट्याचं काँक्रीट पडणार होतं.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. "साहेब, रानकांदा एकच उरलाय!"

"म्हणजे आढळला ना?"

"उद्या नाही आढळणार."

"दुर्मिळ ठरवायला मागच्या दहा वर्षांची मोजणी लागते. आहे?"

"मोजायचाच नाही असा नियम होता ना!"

"मग नियमाप्रमाणे भरपूर आहेत."

"निदान मी निवृत्त झाल्यावर मोजायला कुणी नेमा."

"तुमची जागा रद्द झालीय. मोजणीदार काय, सगळीकडे आढळतात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उतारावर जाऊन दांडीपाशी फतकल मारून बसल्या. गवंडी घमेलं घेऊन खोळंबला. साहेब घाम पुसत आले.

"बाई, उठा. इथलं काम फक्त दुर्मिळ गोष्टीसाठी थांबतं."

"मग मला मोजा. मोजणीदारांचे दहा वर्षांचे हजेरीपट आहेत. सात होतो, मग चार, मग दोन."

साहेब नियमाचे पक्के. हजेरीपट मागवले, ओळीवर बोट ठेवून वाचले आणि त्यांचा चेहरा पडला. "एक," ते पुटपुटले.

संध्याकाळपर्यंत बाईंभोवती तारेचं कुंपण झालं. रानकांदा आपसूक आत आला. पहारेकऱ्यानं खुर्ची इकडे आणली.

"बाई, सतरा दिवसांनी तुम्ही निवृत्त. मग ही तार काढणार?"

"काढू देत. दांडीवरच्या खालच्या फुलांनी बोंडं धरलीयत. तोवर बी पडेल."

बाईंनी वही उघडली, पट्टी लावून नवा रकाना आखला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं : रानकांदा, एक.