झोक्याच्या कड्या

घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा प्रत्येकाला विचारून झालं. योगेंद्रला गाडी आत घ्यायला रुंद फाटक हवं होतं. त्याच्या बायकोला, दिपमालाला, उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा. योगेंद्रच्या वडिलांचे, निंबा आबांचे, गुडघे गेलेले, त्यांनी खुर्चीचा संडास मागितला. त्याच्या आईला, सुंदरबाईला, विचारलं तर ती म्हणाली, "मनं काय? तुमनं बठ्ठं व्हऊ द्या." तुमचं सगळं होऊ द्या म्हणाली खरी, पण मनातून तिची खात्री होती, की आपलं जे आहे ते सांगावंच लागणार नाही.

तिचं म्हणजे दोन लोखंडी कड्या. मधल्या खोलीतल्या सागवानी सऱ्याला, छत पेलणाऱ्या आडव्या तुळईला, त्या ठोकलेल्या होत्या. दर अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांत झोका बांधायचा आणि धुळ्याला दिलेली लेक हेमांगी येऊन त्यावर बसायची. पारोळ्यात अखाजीला लेक माहेरी येते, हे काय मिस्तरीला शिकवायचं?

जुन्या मातीच्या छताचं धाबं उतरलं आणि संसार गोठ्यात आला. वर्षानुवर्षांची खारी माती घरभर अशी बसली, की वरणात कचकच, अंथरुणात कचकच. देव फ्रिजवर बसले. निंबा आबा लग्नघरातल्या व्याह्यासारखे खुर्ची टाकून बसत आणि मजुरांना सल्ले देत, जे कोणी ऐकत नसे. एवढ्या माणसांचा स्वयंपाक दोघी सासू-सुना करत होत्या. दिपमालाचं माहेर भुसावळचं, पण या धबडग्यात तिचं यंदाच्या अखाजीचं जाणं बारगळलं होतं.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना वरण-बट्टी द्यायची म्हणून दोघी पहाटेपासून चुलीपुढून हलल्या नाहीत. वर काय चाललंय ते बघायला कोण जाणार? पुढे सेंटरिंग खोललं तेव्हा सुंदरबाई हौसेने आत गेली आणि मान वर करून उभीच राहिली. पंख्यांचे हुक होते. दिव्यांच्या डब्या होत्या. कड्या नव्हत्या.

"अक्का, कोन्ही सांगंच नही," बन्सीलाल मिस्तरी म्हणाला. "आते भोक पाडीसन बसाडसू, पन झोकानी ग्यारंटी देवाव नही."

दोष द्यायचा तरी कुणाला? तोंड तर तिनेच मिटून घेतलं होतं. तिने हेमांगीला फोन लावला, की झोका झाडाला बांधू, तू ये म्हणजे झालं.

"आई, दादा बोलला मला," हेमांगी म्हणाली. "घर झालं की पुढच्या वर्षी निवांत येईन."

सुंदरबाईने योगेंद्रला गाठलं. तो सरळ म्हणाला, "हो, मीच सांगितलं. या धुळीत तिला झोपवायचं कुठे? तिच्या भल्यासाठीच बोललो ना."

 धरणगावला, सुंदरबाईच्या माहेरी, तिच्या भावाने घर बांधायला काढलं तेव्हा तोही हेच म्हणाला होता, अक्का, घर झालं की पुढल्या वर्षी निवांत ये. पुढल्या वर्षी ती बोलावणं येईल म्हणून थांबली. त्याच्या पुढल्या वर्षी तिचं न येणं कुणाला खटकलंही नाही. भाऊ वाईट नव्हता, आजही भेटला की पाया पडतो. पण माहेरच्या त्या नव्या घरात ती लग्नकार्याला जाते ती पाहुण्यांसारखी, आणि झोका तिथे कुणी बांधत नाही.

दुसऱ्या दिवशी जुनं लाकूड न्यायला टेम्पो आला. अंगणात पडलेल्या सऱ्याला हमालांनी हात घातला, तशी सुंदरबाई त्याच्यावर जाऊन बसली.

"योगेंद्रनी माय, ऊठ," आबा हळू आवाजात म्हणाले. "लोके देखी राहिनात."

"देखू द्या. सरा इकाना नही."

सरा विकला गेला नाही. योगेंद्र चिडला, आबा हसले आणि बन्सीलालने पुढच्या ओट्यावर दोन लोखंडी खांब रोवून सरा कड्यांसकट त्यांवर चढवला. सुंदरबाईने पुन्हा फोन लावला.

"घर व्हयेल नही, झोका बांधेल शे. तू ये."

हेमांगी आली. गच्चीवर झोपली, पत्र्याआड न्हाली, वरणातली कचकच तिनेही खाल्ली. अखाजीच्या दिवशी पितरांची घागर पुजून झाली आणि गल्लीतल्या माहेरवाशिणी ओट्यावर जमल्या. झोका चढू लागला, गाणी सुरू झाली. सुंदरबाईला इतका आनंद झाला, की डोळे पुसायला तिला दोनदा आत जावं लागलं.

तिसऱ्यांदा ती तुपाची वाटी आणायला म्हणून गोठ्यात गेली. दिपमाला चुलीपुढे घामाघूम बसली होती. खापरावर पुरणाचा मांडा, खांद्याशी मोबाइल दाबलेला.

"नाही गं आई, रागवायचं काय त्यात? इकडे मजूर आहेत, स्वयंपाक असतो. घर झालं की येईन ना पुढच्या वर्षी निवांत."

सुंदरबाई दारातच थांबली. शब्द ओळखीचे होते. स्लॅबच्या दिवशी बट्ट्या वळता वळता दिपमालाने भुसावळचा विषय काढला होता, आणि हेच उत्तर तिला मिळालं होतं. ते देणारा ना तिचा भाऊ होता, ना तिचा मुलगा; देणारी ती स्वतःच होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"ऊठ," ती म्हणाली.

"काय झालं आई? मांडा जळेल."

"जयू दे. कपडा भर. योगेंद्र! गाडी काढ, भुसावळले जाणं शे."

"आज? आत्ता?" योगेंद्र धावत आला. "आणि उद्या मजुरांचं जेवण?"

"मन्हा हात मोडनात का?"

"दोन महिन्यांत घर होतंय, मग—"

"घर कधी पुरं व्हस का? तुन्हा मामानं घर आजून चालू शे."

योगेंद्रने आईकडे पाहिलं आणि गाडीची चावी आणायला गेला. सुंदरबाई खापरापुढे बसली. तिने पुढचा मांडा दोन्ही हातांवर झेलत मोठा केला आणि खापरावर टाकताना पहिल्याच झटक्यात फाडला. आबांनी हसून घेतलं.

दिपमाला पिशवी घेऊन ओट्यावर आली. झोका वाटेतच होता. हेमांगी खाली उतरली, दोर धरून तिने तो बाजूला ओढला आणि वहिनीला वाट करून दिली.

गोठ्यातून सुंदरबाई ओरडली, "आठ दिनन्या आधी येऊ नको!"