वन्संचा बोल्ट वहिनींच्या पेटीत

सीमेवरच्या तपासणी नाक्यावर वहिनींची लांबट पेटी उघडली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बसमधले बाकीचे अडतीस प्रवासी काचांना नाकं लावून बघत होते. पेटीत रायफल होती. ती असणारच होती. वहिनींनी अर्जात ‘रायफल, एक’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पेटीवर तशी चिठ्ठी चिकटवली होती आणि बसच्या चालकाला, खड्डे जरा बघून घ्या, आत रायफल आहे, असंही बजावलं होतं. इतक्या उघडपणे बंदूक नेणारी बाई तपासनिसाने नोकरीत कधी पाहिली नव्हती. साहजिकच त्याला संशय आला.

तो किडकिडीत होता, गळ्यापर्यंत बटण लावलेला. परवाना एका हातात धरून तो रायफलीवरचे आकडे एकेक करून वाचत होता.

“नळीवरचा नंबर जुळतो,” तो म्हणाला. “बोल्टवरचा जुळत नाही.”

“कसा जुळेल? तो माझा नाहीच,” वहिनी म्हणाल्या. “तो वन्संचा आहे.”

“आणि तुमचा?”

“वन्संकडे.”

मागे उभ्या असलेल्या वन्संनी डोळे मिटून घेतले. विचारल्याशिवाय खरं बोलू नये, आणि विचारल्यावर थोडंच बोलावं, हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला कळतं. वहिनींनी जन्मभर कवळ्या बनवल्या होत्या. त्या धंद्यात खोटे असतात ते फक्त दात.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीत मागे-पुढे सरकणारा पोलादी दांडा. तो गोळी आत ढकलतो आणि चाप ओढला की तिच्या बुडावर ठोका देतो. तो काढून घेतला की हातात उरते ती एक महागडी काठी. आता एकीचा बोल्ट दुसरीच्या पेटीत का, तर त्याला कारण सासरे.

सासरे गावच्या नेमबाजी क्लबात शिकवायचे. मुलगी हाताखालीच तयार झाली होती; सून आली तीही नेमबाज निघाली. पहिल्याच वर्षी दोघींचं क्लबातल्या चार नंबरच्या जागेवरून वाजलं. तिथे उजेड बरा पडतो. सासऱ्यांनी दोघींना समोर बसवलं, कोणाचंही काहीही ऐकून घेतलं नाही, दोन्ही रायफलींचे बोल्ट काढले आणि उलटसुलट वाटून टाकले. “या घरात नणंद आहे, भावजय आहे आणि बंदुका आहेत,” ते म्हणाले. “तिन्ही एकत्र नांदायची तर एकीच्याही हातात पुरी बंदूक नको. मैदानावर पोचलात की आपापला बोल्ट मागून घ्यायचा. आणि मागताना नीट बोलायचं.”

सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. नियम एकतीस वर्षं चालू होता. दोघी पंधरा-पंधरा दिवस अबोला धरत, पण स्पर्धेच्या सकाळी ‘वन्सं, माझा बोल्ट देता का’ आणि ‘वहिनी, माझा द्याल का’ एवढं गोड बोलणं व्हायचंच. देशात कुणी बोल्टवरचा आकडा कधी वाचला नव्हता. देशाबाहेर दोघी पहिल्यांदाच निघाल्या होत्या: पंचावन्नच्या पुढच्या बायकांची स्पर्धा, परवा, रविवारी.

हे सगळं वहिनींनी तपासनिसाला सांगितलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा एकच होती, त्यामुळे गैरसमजाला वाव नव्हता. तो त्याने स्वतः निर्माण केला.

“म्हणजे परवान्यात नसलेला शस्त्राचा सुटा भाग तुम्ही सीमेपार आणलात,” तो बोटांवर मोजत म्हणाला. “तस्करी. स्वतःचा भाग दुसऱ्याच्या सामानात दडवलात. खोटं निवेदन. आणि दोघींनी ठरवून केलंत. कट.”

“कट कसला? आमचं एकमेकींशी पटत नाही हो!” वन्सं कळवळून म्हणाल्या.

“ते न्यायालय ठरवेल.”

बस अडतीस प्रवाशांना घेऊन निघून गेली. दोघींच्या पिशव्या मात्र खाली उतरवून ठेवायला चालक विसरला नाही. भला माणूस.

तपासनिसाने टेबलाच्या खणातून एक गुलाबी कागद काढला. हा कागद म्हणजे उपकार आहे, असं त्याने सांगितलं. त्यावर छापलेलंच होतं: मी शस्त्राचे भाग दडवून आणले, मला पश्चात्ताप होत आहे, शस्त्र सरकारने नष्ट करावे. खाली सही केली की दुपारच्या बसने परत घरी. नाही केली तर दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं, आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

“नष्ट म्हणजे?” वहिनींनी विचारलं.

“रोलरखाली.”

“आणि पश्चात्ताप?”

“तो छापलेलाच आहे.”

वहिनींनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला आणि टेबलावर त्याच्याकडे सरकवला. “मी काहीही दडवलं नाही. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. दडवणारी बाई अशी असते का?”

“वहिनी,” वन्संनी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. “सही करून मोकळ्या होऊ. रायफली काय, पुन्हा घेता येतील.”

“आणि तस्कर म्हणून नाव लागेल ते? तेही पुन्हा धुऊन घेता येईल?”

“तीन वर्षं आहेत हो! मी एकसष्टची आहे.”

“मी साठची. मला काय तिथे माहेरपणाला बोलावलंय?”

“तुमचं आपलं नेहमीचंच. माझ्या मुंजीत तुमचं लग्न!”

“बायकांची मुंज होत नाही, वन्सं.”

“बघा, बघा! आत्तासुद्धा माझी चूक काढताय!”

तपासनीस हे लक्ष देऊन ऐकत होता. आपली केस सोपी आहे, असं त्याला वाटू लागलं. त्याने दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. वहिनींच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन आणि एक नळ होता, जो थेंबाथेंबाने गळत होता. वीस मिनिटांनी तपासनीस आत आला. हातात घडी घातलेला कागद.

“तुमच्या नणंदबाईंनी लिहून दिलंय,” तो हळहळत म्हणाला. “बोल्ट तुम्हीच त्यांच्या नकळत त्यांच्या पेटीत टाकलात. त्या सुटल्या. आता तुम्ही आपलं बघा.”

वहिनींना ते क्षणभर खरं वाटलं. वन्सं घाबरल्या होत्या हे त्यांनी पाहिलंच होतं. घाबरलेलं माणूस काहीही लिहून देतं. कवळी बसवायच्या खुर्चीत भलेभले मोठमोठी वचनं देतात. त्यांनी घडीच्या कागदाकडे पाहिलं.

“किती लिहिलंय?”

“अर्धं पान.”

“माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दलच.”

वहिनी खुर्चीत टेकून बसल्या. “साहेब, वन्संना एकतीस वर्षांनी माझ्याविरुद्ध सरकारी कागद मिळाला आणि त्या अर्ध्या पानात थांबल्या? माझ्या आईच्या वळणापासून सुरुवात केली असती त्यांनी. पुरवण्या मागितल्या असत्या. तुम्ही खोटं बोलताय.”

तपासनिसाने कागद खिशात घातला. तो कोराच होता हे नंतर न्यायालयात दोघींसमोर उघड झालं, अर्ध्या पानाच्या थापेसकट. पलीकडच्या खोलीत वन्संना त्याने हेच ऐकवलं होतं, आणि वन्सं म्हणाल्या होत्या, “वहिनींनी माझ्यावर ढकललं? अहो, त्या भाजीत मीठ जास्त झालं तरी स्वतःचं खरं करतात. दुसऱ्याला श्रेय देण्याचा त्यांचा स्वभाव नाही.”

दुपारी अडीच वाजता दोघींना जवळच्या शहरातल्या न्यायालयात नेलं. दंडाधिकारी वयस्कर होते. नुकतेच जेवून आले होते. ते बोलायला लागले आणि वहिनींनी ओळखलं, खालची कवळी सैल आहे. काम चांगल्या हाताचं नव्हतं. पण ही वेळ नव्हती.

तपासनिसाने तिन्ही गुन्हे वाचून दाखवले. दंडाधिकाऱ्यांनी वहिनींना विचारलं, “गुन्हा कबूल?”

“नाही.”

“पण बोल्ट तुमच्या पेटीत मिळाला.”

“मिळाला ना. मीच ठेवला होता. साहेब, मी छत्तीस वर्षं कवळ्या केल्या. कितीदा गिऱ्हाइकाची कवळी पर्समध्ये घालून त्याच्या घरी पोचवलीय. दुसऱ्याची कवळी माझ्या पर्समध्ये आहे म्हणून मी त्याच्या तोंडाने जेवते, असं होतं का?”

दंडाधिकाऱ्यांचा हात जबड्याकडे गेला आणि मध्येच थांबला. “म्हणजे हा बोल्ट त्या रायफलीत बसत नाही?”

“बसवून बघा.”

शस्त्रागाराच्या हवालदाराला बोलावलं. दोन रायफली दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या. हवालदाराने वन्संचा बोल्ट वहिनींच्या रायफलीत सरळ घालून पाहिला, तिरका घालून पाहिला, मग सगळे पाहत आहेत म्हणून जोर लावून पाहिला. सात मिनिटांनी त्याने टोपी काढून कपाळ पुसलं.

“बसत नाही, साहेब.”

“म्हणजे या बाईंजवळ चालणारी बंदूक नव्हती,” दंडाधिकारी म्हणाले. “आणि त्या बाईंजवळही नव्हती.”

“पण दोघींजवळ मिळून दोन बंदुका होत्या!” तपासनीस उसळला.

“दोघींजवळ मिळून दोन परवानेही होते.”

कोर्टात थोडी हालचाल झाली. शिरस्तेदार खोकला. वन्संनी पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेतला. दंडाधिकाऱ्यांनी दोन ओळी सांगितल्या, शिरस्तेदाराने त्या टंकून काढल्या आणि कागद दोघींपुढे ठेवला. ‘आरोपींना कडक ताकीद देऊन सोडण्यात येत आहे. ताकीद मान्य.’ खाली दोन सह्यांची जागा. रायफली बाकावर ठेवलेल्या होत्या. बाहेर रिक्षा उभ्या होत्या. रविवारच्या स्पर्धेचं मैदान तिथून तीन तासांच्या वाटेवर होतं.

“ताकीद कशाबद्दल?” वहिनींनी विचारलं.

शिरस्तेदाराने हातातलं पेन खाली ठेवलं. पुढे काय येणार ते अनुभवी माणसाला कळतं.

“पुन्हा असं करू नये म्हणून,” दंडाधिकारी म्हणाले.

“पण पुन्हा करणार. सोमवारी आम्ही याच नाक्यावरून परत जाणार, आणि अशाच जाणार. दोघींच्या हातात पुऱ्या बंदुका देणं जास्त सुरक्षित आहे असं कायद्याचं म्हणणं असेल, तर कायद्याला कधी नणंद नव्हती.”

“बाई, मी तुम्हाला सोडतोय.”

“उपकार आहेत. पण चूक नसताना ताकीद घेतली की चूक होती असं होतं. तो शब्द खोडा.”

दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, दमले होते. “नीट ऐका. ताकीद नको असेल तर पूर्ण खटला चालवावा लागेल. तारीख तीन आठवड्यांनंतरची. तोवर पासपोर्ट आणि रायफली इथे जमा. आणि तोवर माझी बदली झालेली असेल. नवे गृहस्थ कडक आहेत. त्यांना तुमची कवळीची गोष्ट पटेलच असं नाही. तीन वर्षं ते देऊ शकतात. कळलं?”

“कळलं.”

“तरी नाही म्हणता?”

“तरी नाही.”

दंडाधिकारी वन्संकडे वळले. “तुम्ही वेगळी सही करू शकता. तुम्हाला यांच्याबरोबर बुडायचं कारण नाही. संध्याकाळच्या बसने जा, रविवारी खेळा.”

वहिनींनी वन्संकडे पाहिलं नाही. मुद्दामच नाही पाहिलं. पाहिलं असतं तर ते विनवल्यासारखं झालं असतं, आणि विनवायची वेळ अजून आली नव्हती.

वन्सं पुढे झाल्या. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला, तारखेसकट. वजनमापे खात्यात अठ्ठावीस वर्षं वरून आलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी ‘मान्य’ लिहिलं होतं. काही वाचून, बरेचसे न वाचता. त्यांनी शिरस्तेदाराकडे हात पसरला. शिरस्तेदाराने पेन दिलं. वन्संनी टेबलावर वाकून लिहायला सुरुवात केली आणि वहिनींना फक्त पेनची कुरकुर ऐकू आली.

“हे काय लिहिलंत?” दंडाधिकारी म्हणाले.

“‘मान्य’च्या पुढे ‘नाही’ लिहिलंय,” वन्सं म्हणाल्या. आवाज कापत होता, पण कोर्टाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला. “खाली सही केलीय. तारीख घातलीय. आता तुमचीही तारीख द्या, साहेब.”

तारीख मिळाली. पासपोर्ट जमा झाले, रायफली लाल फडक्यात बांधून आत गेल्या, आणि सव्वाचार वाजता दोघी न्यायालयाच्या पायऱ्यांवर आपापल्या पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. तपासनीस त्यांच्या बाजूने मान खाली घालून जिना उतरला.

“वन्सं,” वहिनी म्हणाल्या आणि पुढचं काही त्यांना सुचेना. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

“आभार मानू नका, सवय नाही मला,” वन्सं म्हणाल्या. “तुमच्यासाठी नाही केलं. तो गुलाबी कागदवाला मला अर्ध्या पानाची बाई समजला, त्याचा राग आलाय.” त्यांनी रस्त्यापलीकडच्या लॉजची पाटी वाचली, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा खरोखर पडला. “वहिनी, तीन आठवडे. एक खोली. त्यात तुम्ही घोरता.”

“मी घोरत नाही.”

“तरी बरं, शपथेवर नाही म्हणालात,” वन्सं म्हणाल्या आणि रस्ता ओलांडायला लागल्या. “चला. खिडकीकडची खाट माझी.”

“ते कुणी ठरवलं?” म्हणत वहिनी पिशवी उचलून त्यांच्यामागे निघाल्या.