काचवाल्यांच्या गावातली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात तापलेला रस ओतला, तो निवला, आणि मी गोल पोटाची, पोटावर द्राक्षांचा वेल मिरवणारी अशी बाहेर आले. त्या वेलाचा मला फार अभिमान होता. मला इर्मा सोबचॅकबाईंच्या लोखंडी सामानाच्या दुकानात मधोमध उभं केलं. त्या दर शनिवारी मला काळं पॉलिश लावत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "ही आमची महाराणी. नखरे नाहीत, फक्त कोळसा लागतो."

गावात काचेचा कारखाना होता, म्हणून गावच्या बेसबॉल संघाला सगळे 'काचवाले' म्हणत. उन्हाळ्यात माणसं मैदानावर असत, मला कोणी विचारत नसे. शेवटचा सामना झाला की मात्र खुर्च्या माझ्याभोवती येत. मग वसंतापर्यंत संघ माझ्याजवळच घडे आणि मोडे. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, याचाच सगळा वाद.

"तो डावखुरा पिचर विकून टाका," लेस्टर न्हावी म्हणे.

"घेणार कोण? फुकट दिला तरी वर एक कोंबडी मागतील," डेल पोस्टमन म्हणे.

"तुम्ही दोघं आधी आपापली पोटं विका. खुर्च्या मोडायला आल्यात माझ्या," इर्माबाई गल्ल्यावरून म्हणत.

या मंडळीत म्हातारे हुडाक होते. आयुष्यभर काच फुंकून त्यांचे गाल सैल पडले होते. त्यांचा मुलगा मायलो काचवाल्यांचा कॅचर होता. फलंदाजामागे उकिडवं बसायचं आणि पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. संघात बाहेरगावची पोरं येत आणि जात, गावचा असा तो एकटाच उरला होता. त्याचं नाव निघालं की मंडळी खाकरत आणि विषय बदलत. त्यांना वाटे, बापासमोर बरं नाही दिसत. हुडाकना मात्र ते झोंबत असे. आपल्याला खेळ कळतो, मुलाचा पक्षपात आपण करत नाही, हे चारचौघांत एकदा दाखवून द्यावं, असं त्यांच्या मनात साचत गेलं असावं.

एका वर्षी काचवाले स्पर्धेत सगळ्यांत शेवटी आले. त्या हिवाळ्यात संघाचे व्यवस्थापक बेनेडिक्टसाहेब बाकांसाठी बोल्ट घ्यायला दुकानात आले. माझ्यावर हात शेकत त्यांनी सहज विचारलं, "ओहायोत एक तरुण कॅचर मिळतोय. घ्यावा का?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"हुडाकसमोर कोण काय बोलणार, साहेब?" डेल हळूच म्हणाला.

हुडाकनी मान वर केली. "का? हुडाकला डोळे नाहीत? मी सांगतो. मायलोचे गुडघे गेलेत. त्यानं दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूकडे फेकलेला चेंडू डेलच्या टपालासारखा पोचतो, उद्या किंवा परवा. घोडा थकला की त्याला गाडीला जुंपत नाहीत. काढा त्याला."

एकच हशा पिकला. लेस्टरनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात खरा काचवाला," तो म्हणाला. हुडाक हसले. माझ्या उजेडात त्यांचा चेहरा लाल दिसत होता. फक्त इर्माबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोल्ट कागदात बांधले आणि दोरा जरा जास्तच जोरात तोडला.

पुढच्याच आठवड्यात मायलो दुकानात आला. त्याला मुलीच्या खोलीच्या दारासाठी बिजागऱ्या हव्या होत्या. त्या घेतल्या, पैसे दिले, आणि मग तो आमच्याकडे आला. मोठा, शांत माणूस. टोपी काढून उभा राहिला.

"मला काढलं," तो म्हणाला. "बेनेडिक्टसाहेबांना वाईट वाटत होतं. म्हणाले, तुझ्या वडिलांचंही हेच मत आहे."

तो हुडाककडे वळला.

"तुमचं चुकलं नाही, बाबा. गुडघे गेलेतच. पण रविवारी आपण एका टेबलावर जेवलो. तुम्ही मला बटाटे वाढले. तेव्हा का नाही सांगितलंत? मी स्वतः जाऊन सोडलं असतं. दोन शब्द बोलून, सगळ्यांचा निरोप घेऊन."

हुडाक खुर्चीतून अर्धे उठले. "इथं विषय निघाला रे," ते कसेबसे म्हणाले.

"हो. इथं निघतो विषय." मायलोनं टोपी घातली, इर्माबाईंना नमस्कार केला आणि दार नीट ओढून घेऊन तो गेला.

त्या दिवशी मंडळी लवकर उठली. लेस्टर कोट घालताना म्हणाला, "आपण हसायला नको होतं."

हुडाक बेनेडिक्टसाहेबांकडे गेले होते, शब्द मागे घ्यायला. ते मला डेलकडून कळलं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही बोललात ते खोटं होतं का?" हुडाकना हो म्हणता येईना. ते तसेच परत आले. उन्हाळ्यात ओहायोच्या पोरानं छान खेळ केला आणि संघ वर आला. लोक हुडाकना रस्त्यात थांबवून म्हणत, "तुमचं बरोबर होतं बरं का." प्रत्येक वेळी ते मान खाली घालून पुढे जात.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा येऊ लागले, पण दुपारी, दुकान रिकामं असताना. एकदा इर्माबाईंनी विचारलं, "मायलो बोलतो ना तुमच्याशी?"

"बोलतो ना. कारखान्यातून सुटला की लाकडं फोडून देतो, औषध आणतो. एक वाकडा शब्द नाही, इर्मा." हुडाक माझ्या दाराकडे बघत राहिले. "तेच सोसत नाही मला."

एका दुपारी बर्फ वाढलं, म्हणून मायलो त्यांना न्यायला आला. बर्फामुळे लेस्टर आणि डेलही तिथं अडकले होते. हुडाकना वाकून बुटाची नाडी बांधता येईना. मायलो त्यांच्यापुढे उकिडवा बसला, फलंदाजामागे बसायचा तसाच. त्याचे गुडघे करकरले. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. डेल खिडकीकडे वळला. लेस्टर टोपी कुरवाळत बसला.

"राहू दे रे," हुडाक म्हणाले. "ऊठ. दुखतंय तुला."

"झालं, बाबा," मायलो म्हणाला आणि दुसऱ्या बुटाकडे वळला.

हुडाकनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि लाज वाटल्यासारखा लगेच काढून घेतला.

मित्रांनो, आता इर्माबाई नाहीत. दुकानात गॅस आला, आणि मला मागच्या अंगणात ठेवलं. माझ्या वेलावर गंज चढलाय. कोणी तेलाचा बोळा फिरवला तर बरं वाटेल, पण त्याची मला घाई नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. उबेला बसलात की माणसांविषयी बोलालच. खुशाल बोला, हसाही. पण ज्याच्याविषयी बोलताय तो संध्याकाळी तुमच्याच टेबलावर जेवणार असेल, तर त्याचं खरं त्याला आधी सांगा. त्याला वाढता वाढता सांगा, आणि हळू आवाजात सांगा.