कॅप्टन कातळचं प्रथम दर्शन

कॅप्टन कातळ पहिल्यांदा नेमका कधी दिसला, या प्रश्नावर रत्नागिरीत दोन माणसांनी आयुष्याची बरीच वर्षं खर्च केली होती. उरलेल्या जिल्ह्याला कॅप्टन कातळ कोण हेच माहीत नव्हतं, पण त्याला इलाज नाही. जिल्हा मोठा आहे आणि लोकांना कामं असतात.

चिंतामणी आठल्ये यांना काम नव्हतं. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. आयुष्यभर लोकांच्या बांधावर साखळी टाकून ‘तुमचं इथपर्यंत, यांचं तिथून पुढे’ असं सांगितल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी नक्की सुरू होते, अशी त्यांची खात्री झाली होती. कॅप्टन कातळ हा त्यांच्या मते ‘गलबत’ मासिकाच्या नवव्या अंकात सुरू होत होता.

‘गलबत’ हे पन्नास वर्षांपूर्वी इथल्याच एका छापखान्यातून निघालेलं मुलांचं मासिक. एकोणीस अंक निघाले आणि ते बुडालं. त्यातला चित्रकथेचा नायक म्हणजे हा कॅप्टन कातळ. अंगभर जांभ्या दगडासारखी भोकं, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी, आणि एक हात कायम गालावर. संकट कितीही मोठं असो, कॅप्टन गालावरचा हात काढत नसे. या मुद्रेवर चिंतामणींनी एका दिवाळी अंकात ‘चिंतनमग्न नायक’ असा नऊ पानी लेख लिहिला होता. तो वाचणाऱ्या तीन जणांत मुद्रितशोधकाचाही समावेश होता.

नववा अंक चिंतामणींकडे होता, आणि तोही सुटा. बाकी सगळे त्यांनी लाल रेक्झिनमध्ये बांधून घेतले होते. हा एक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फायलीत, फाईल कपाटात आणि कपाटाची किल्ली जानव्याला.

आता वाचनालयाने जुन्या मासिकांचं प्रदर्शन काढलं होतं. ग्रंथपाल सावनी ही उत्साही मुलगी. तिने दालनाच्या मधोमध काचेची एक पेटी ठेवायचं ठरवलं. पेटीत एकच अंक, आणि खाली पाटी : ‘कॅप्टन कातळ : प्रथम दर्शन. संग्रह : श्री. अमुक अमुक.’ त्या अमुकाच्या जागी आपलं नाव येणार म्हणून चिंतामणींनी सफारी धुऊन इस्त्री करून ठेवली, पालीच्या मेहुणीला आमंत्रण दिलं, आणि बायकोला, उमाताईंना, दिवसातून दोनदा विचारायला लागले, “नुसतं चिंतामणी आठल्ये बरं, की मधे वडलांचं नाव हवं?”

“पणजोबांपासून सुरू करा,” उमाताई म्हणाल्या. “पेटी मोठी आहे ना?”

सगळं ठरलं होतं. आणि मग खुर्शीद मुकादम आठवा अंक घेऊन वाचनालयात आला.

खुर्शीद राजिवड्याचा. चिंतामणींच्याच वर्गात, त्यांच्याच बाकावर बसलेला. बत्तीस वर्षं आखातात काढून परतला होता, आणि परतताना सोबत काय आणलं असं विचारलं तर ‘वेळ’ असं सांगायचा. त्याने आठव्या अंकाचं शेवटचं पान सावनीसमोर उघडलं. शेवटच्या चौकटीत एक विहीर होती. विहिरीच्या काठावर एक हात होता. हाताला भोकं होती.

“हे बघ पोरी. हा आला की नाही?”

“हात आला,” तिथेच बसलेले चिंतामणी म्हणाले. “कॅप्टन कुठाय?”

“हाताच्या मागे.”

“मागे आहे म्हणजे दिसत नाही. पंगतीत बसलास की वाढप्याचा हात दिसतो. म्हणून घरी जाऊन वाढप्याची भेट झाली असं सांगतोस काय रे?”

“आणि तू ईदचा चाँद पुरा गोल होईस्तोवर थांबतोस काय? कोर दिसली की ईद, चिंत्या. शिरखुर्मा खायला बरा कोरीवर येतोस.”

“त्याचं नाव नवव्या अंकात आहे.”

“तुझं नाव बाराव्या दिवशी ठेवलं. त्याआधी अकरा दिवस तू काय अर्जदार होतास?”

असं आठवडाभर चाललं. रोज दुपारी चार वाजता दोघे येत, दोन्ही अंक टेबलावर ठेवत आणि एकमेकांना अडाणी ठरवत. वाचनालयात शांतता राखा असं लिहिलेल्या पाटीखालीच त्यांच्या खुर्च्या होत्या. एकदा सावनीने भीत भीत सातव्या अंकातली एक जाहिरात दाखवली. ‘येत आहे!’ असं म्हणून नुसती सावली छापली होती. “आठल्ये काका, सावली धरायची का?”

“छे!” दोघेही एकदम म्हणाले. आठवड्यातली एकमताने झालेली एवढी एकच गोष्ट. सातवा अंक तिसऱ्याच कुणाचा होता, हे कारण असणं शक्य नाही. दोघेही तत्त्वाची माणसं होती.

शेवटी सावनीचा धीर संपला. “पाटी गुरुवारी छापायला जाणार. चित्रकार अजून आहेत म्हणे, सावर्ड्याला. त्यांनाच विचारून या दोघं. नाहीतर मी पेटीत शंख-शिंपले ठेवते.”

शंख-शिंपल्यांच्या धमकीने दोघे बुधवारी सकाळीच खुर्शीदच्या गाडीतून निघाले. उमाताईंनी चित्रकारांसाठी कुळथाचं पीठ दिलं होतं. ते कुणाच्या मांडीवर ठेवायचं, यावर हातखंब्यापर्यंत वाद झाला.

चित्रकार हरिश्चंद्र पांचाळ, वय शहाऐंशी, पडवीत खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. पाहुणे कशासाठी आलेत हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे. विश्वास बसत नव्हता म्हणून.

“सत्तर किलोमीटर? यासाठी?”

“तुमच्या तोंडून निर्णय हवा, पांचाळ साहेब,” चिंतामणी म्हणाले. “संपूर्ण आकृती म्हणजे प्रथम दर्शन, की नुसता हात?”

“कुणाचा हात?”

“कॅप्टन कातळचा!”

म्हाताऱ्याने अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ आठवून मग त्याचा चेहरा उजळला. “हां हां! तो दात होय!”

गोठ्यात म्हैस शेपूट हलवत होती, तेवढंच.

“दात?” खुर्शीद म्हणाला.

“किडका दात हो. दुसऱ्या अंकात मागच्या पानावर दंतमंजनाची जाहिरात होती. संपादक म्हणाले, किडलेला दात काढ, पोरांना भीती वाटली पाहिजे. काढला. हातपाय लावले, भोकं पाडली. ठणकतोय हे कळावं म्हणून एक हात गालावर दिला.”

चिंतामणींनी नकळत स्वतःच्या गालाला हात लावला. नऊ पानं. ‘चिंतनमग्न नायक’.

“मग?”

“मग काय, जस्ताचा ठसा कोल्हापूरहून करून आणलेला, आणि मंजनवाल्याने परत काही जाहिरात दिली नाही. संपादक हाडाचे काटकसरी. म्हणाले, हरी, ठसा पडून आहे, याचा नायक कर. मी भुवया कानशीने घासून उलट्या वळवल्या. रडत होता, तो रागावला. वर टोपीचा ठसा जोडला, खाली पट्टा. रंग तांबडा मारला की जांभा झाला. दर अंकात तोच ठसा. गालावरचा हात तेवढा निघेना.”

“आणि आठव्या अंकातला विहिरीवरचा हात?” खुर्शीदचा आवाज बारीक झाला होता.

“जागा कमी होती. बाकीचा झाकून छापला.”

निघताना पांचाळांनी कुळथाच्या पिठाबद्दल आभार मानले आणि विचारलं, “पण तुम्ही दोघं करता काय? म्हणजे एरवी?”

परतीच्या वाटेवर संगमेश्वर मागे पडलं. चिंतामणींना घरचा लाल खंड दिसत होता. पहिल्या वर्षाचे बारा अंक, त्यातला नववा वजा. बाइंडरने विचारलं होतं, ‘जाहिरातींची पानं ठेवू की काढू?’ आणि बारा वर्षांच्या चिंतामणींनी सगळी सुसंस्कृत घरं देतात तेच उत्तर दिलं होतं. कचरा काढा. बाइंडरने दुसऱ्या अंकाचं मागचं पान काढलं आणि बहुधा त्यात भजी बांधली. मराठी माणूस मासिकं जपतो ती अशी, आधी स्वच्छ करून.

“चिंत्या,” खुर्शीद एकाएकी म्हणाला. “दुसरा अंक माझ्याकडे आहे. न बांधलेला. जसाच्या तसा.”

चिंतामणींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. खुर्शीदला वाटलं, मत्सर. मत्सर होताच, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी हळूहळू वर येत होतं, विहिरीतून हात यावा तसं.

राजिवड्याच्या घरी खुर्शीदने पत्र्याची पेटी ओढली. वरची लग्नाची आमंत्रणं आणि कुणाचे तरी जुने पासपोर्ट बाजूला केले आणि दुसरा अंक काढला. मागचं पान उलटलं. वर ठळक अक्षरांत मंजनाचं नाव. खाली ‘हे चित्र कापून पाठवा, मोफत पुडी मिळवा!’ आणि मधोमध चौकोनी खिडकी. खिडकीतून खुर्शीदच्या गालिच्यावरची वेलबुट्टी दिसत होती.

“करीम!” खुर्शीद ओरडला. करीम त्याचा धाकटा भाऊ, हल्ली मस्कतला असतो. “त्याच मेल्याचं काम! तेव्हाच कळलं होतं मला. अब्बांकडून फटके खाल्ले, पण कबूल नाही झाला लेकाचा!”

चिंतामणी त्या खिडकीकडे बघत होते. खालची कड जराशी तिरकी गेली होती. ती तिरकी का गेली, हेही त्यांना आठवलं. आईची कात्री मोठी होती आणि घाई होती, कारण अंक संध्याकाळच्या आत खुर्शीदला परत द्यायचा होता. मोफत पुडी हवी होती, पण त्यासाठी स्वतःचा अंक कोण कापेल? ते संग्राहक होते. पुडी आली. आठवडाभर त्याने स्वतःचा दुखरा दात घासला. तो दात पुढे काढावाच लागला.

म्हणजे कॅप्टन कातळचं प्रथम दर्शन त्यांनी दोनदा घालवलं होतं, एकदा स्वच्छतेपायी आणि एकदा काळजीपोटी.

“हरकत नाही,” खुर्शीद म्हणाला. “भोक तर भोक. पहिल्या दर्शनाची जागा तर हीच ना! सावनीला सांगतो. संग्रह : खुर्शीद मुकादम.”

चिंतामणी घरी आले. संध्याकाळचा पिठी-भात समोर होता, तो कालवत बसले. शेवटी त्यांनी उमाताईंना सगळं सांगितलं.

“मग त्यांना सांगा की,” उमाताई म्हणाल्या.

“पन्नास वर्षांनी? लोक काय म्हणतील! आठल्ये अंक कापतो?”

“न सांगितलंत तर काय म्हणतील?”

“काही नाही. माझं नाव कुठे आहे त्यात?”

हे वाक्य बोलून झालं आणि चिंतामणींचा घास हातातच राहिला. नाव कुठे आहे त्यात. मोजणीदाराच्या डोळ्यांपुढे एकदम नकाशा उलगडला. अंक खुर्शीदचा, यात वाद नाही. पण अंकातली ती चौकोनी रिकामी जागा, तिच्या चारही हद्दी, कुणी आखल्या?

गुरुवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी ते पायरीवर उभे होते. सावनी आली, मागोमाग खुर्शीद आला. चिंतामणींनी खाकरून, खात्यात पंचनामा वाचावा तशा आवाजात गुन्हा कबूल केला. कात्री, कड, घाई, पुडी, सगळं.

खुर्शीदने मनात हिशोब जुळवला. “म्हणजे करीमने तो मार—”

“हो.”

“आणि तू बाजूला बसून जिलबी खात होतास.”

“त्या दिवशी लाडू होते.”

खुर्शीदने तिथेच मस्कतला फोन लावला. करीमने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की आता ते फटके कुणाला परत द्यायचे. फोन स्पीकरवर होता. चिंतामणींनी मान खाली घातली. पण फोन बंद झाल्याबरोबर ती वर आली.

“तर सावनी, पाटीचं बघ. मी कबुली दिलेली आहे. ती नोंदवल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.”

“अरे, निर्लज्ज!” खुर्शीद म्हणाला. “ह्यासाठी आलास होय!”

“तू हातावर पेटी मागत होतास. मी कात्रीवर मागतो.”

खुर्शीद हसायला लागला आणि मग थांबेचना. त्याला बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन त्याने सावनीला सांगितलं, “लिही बाई ह्याचं नाव. आणि अक्षर माझ्यापेक्षा बारीक ठेव.”

प्रदर्शनाला गर्दी बरी झाली. बाहेर चहा होता. काचेच्या पेटीत दुसरा अंक उलटा ठेवला होता आणि खिडकीमागे सावनीने काळा कागद लावला होता. खाली पाटी : ‘कॅप्टन कातळ : प्रथम दर्शन. संग्रह : खुर्शीद मुकादम. कापणारे : चिंतामणी वासुदेव आठल्ये.’ वडलांचं नाव शेवटी आलंच होतं.

इस्त्रीच्या सफारीत चिंतामणी पेटीशेजारी उभे होते. पालीची मेहुणी चष्मा पुसून वाकली. तिने अंक पाहिला, काळा चौकोन पाहिला, पाटी मोठ्याने वाचली आणि गोंधळून वर बघितलं.

“पण भावोजी, ह्यात तुमचं काय आहे?”

चिंतामणींनी एक हात गालावर ठेवला.

“भोक,” ते म्हणाले.