पळवलेली पाहुणी

पाहुणी पळवायची असं काही आयोनाने ठरवलं नव्हतं. ती धक्क्यावर गेली होती कांदे आणायला. बोटीतून एक उंच, गोरी बाई टोपी सांभाळत उतरली आणि तिने विचारलं, "फिलोमीनबाईंचं घर कुठे? त्यांच्याकडे राहायला आलेय मी." फिलोमीन म्हणजे आयोनाची थोरली नणंद. आयोनाच्या तोंडून निघून गेलं, "मी त्यांच्याच घरची की! चला, बॅग द्या इकडे." बॅग डोक्यावर चढली आणि पाय आपल्याच घराकडे वळले. आता पायांना कोण बोल लावणार?

पण मनातलं सांगायचं तर कारण होतं ती होडी. आयोनाचा नवरा झेडॉक घराशेजारी वाळूवर कितीतरी वर्षं होडी बांधत होता. ना नकाशा, ना मोजमाप. डोंगरातून वाकडी लाकडं हुडकून आणायची, एक डोळा मिटून बघायचं आणि बसवायची. आणि काय देखणी उतरली होती! पण बेलमार गावात होडीला तोंडावर चांगलं म्हणत नाहीत. दृष्ट लागते. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय झेडॉक, कोंबड्यांना खुराडं बांधतोयस वाटतं?" झेडॉक हसायचा. आयोना मात्र आतून तडफडायची. एकदा तरी कुणीतरी वा म्हणावं हो! आणि गावची रीत ठाऊक नसलेल्या पाहुणीशिवाय कोण म्हणणार?

पाहुणीने, म्हणजे गेर्डाने, तिची हौस पुरवली. ही डेन्मार्कची बाई दुपारभर पालथ्या बादलीवर बसून झेडॉकचे हात बघायची आणि म्हणायची, "किती सुंदर! किती सुंदर!" झेडॉक दर वेळी हळूच थुंकायचा, दृष्ट काढायला. आयोनाला स्वर्ग दोन बोटं उरायचा. गेर्डाला सगळ्याचंच अप्रूप. समुद्राचा निळा रंग, वाटेत प्रत्येकाने थांबून विचारपूस करणं, तुरीच्या शेंगा सोलत दारादारात चाललेल्या गप्पा. तिच्या डोळ्यांनी बघताना आयोनालाही आपला गाव नव्याने आवडायला लागला. खोटं नाही, ती सकाळी चहाचं आधण विसरून समुद्राकडे बघत उभी राहायला लागली.

"फिलोमीनबाई भेटल्या नाहीत अजून," गेर्डा अधूनमधून म्हणायची.

"ताईंची तब्येत नरम असते," आयोना सांगायची. फिलोमीन त्या वेळी टेकडीवर बकरीच्या मागे धावत असायची, ती गोष्ट निराळी.

होडी पाण्यात सोडायचा दिवस आला. पहाटेपासून मोठाल्या काईली चुलींवर चढल्या, मटण शिजलं, मक्याच्या पिठाचे गोळे वळले. पाद्रीबाबांनी मंतरलेलं पाणी शिंपडलं, झेडॉकने नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, कडक रम ओतली. टेकू तोडले, होडी ओंडक्यांवर कलली, आणि सारा गाव दोराला लागला. सगळ्यात पुढे म्हातारा ओबेड. तो गाणं उचलायचा, गाव ओढायचा. गेर्डाही बाह्या सरसावून रांगेत उभी.

होडी घरंगळत निघाली, पाण्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. ओढलं. हलेना. ओंडके बदलले, वाळू उकरली, पुन्हा ओढलं. ढिम्म! झेडॉकचा चेहरा राखेसारखा झाला. भरती उतरायला लागली तर होडी तिथेच उन्हात तडकणार, आणि जी होडी पहिल्या दिवशी समुद्र नाकारते तिच्यावर बेलमारचा माणूस पाय ठेवत नाही. एवढ्या वर्षांची मेहनत मातीत.

ओबेडने दोर खाली टाकला. "घरातल्या कुणाचा हात दोराला नाही?"

कुणाचा, ते सगळ्यांना माहीत होतं. घरच्या माणसाला होडीचं बोलावणं घरच्या बाईनेच दारात जाऊन द्यायचं असतं. आयोना सगळ्या गावात फिरली होती, एका दारात सोडून. कुठल्या तोंडाने जाणार होती?

झेडॉकने बायकोकडे बघितलं. "तू ताईला बोलावलं नाहीस?"

आयोनाला वाटलं, वाळूने पोटात घ्यावं. पण नवऱ्याचे ते फोड आलेले तळवे दिसले आणि तिला राहवेना. ती सगळ्यांदेखत गेर्डाकडे वळली. "मॅडम, तुम्ही ताईंच्या पाहुण्या. मी तुम्हाला पळवून आणलं. ताईंना काही झालेलं नाही, घोड्यासारख्या ठणठणीत आहेत."

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. गेर्डा "म्हणजे?" म्हणेपर्यंत आयोना टेकडीच्या वाटेने पळत सुटली.

फिलोमीन पायरीवर बसली होती. अंगात चर्चचा पिवळा झगा, डोक्यावर टोपी, पायात बूट. पहाटेपासून ती अशीच नटून बसलेली होती, हे घामेजलेल्या चेहऱ्यावरून कळत होतं. आणि तिच्या मागे, उघड्या दारातून, आयोनाला खोली दिसली. पलंगावर नवी चादर, मच्छरदाणी बांधलेली, उशाशी पाण्याचा तांब्या आणि जास्वंदीची ताजी फुलं. पाहुणी दुसरीकडे राहतेय हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? तरी ही बाई रोज फुलं बदलत होती. मुलगा इंग्लंडला गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता.

आयोनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, चुकले मी. चला. होडी अडलीय."

"आलीस? मला वाटलं, होडीचं सरपण झाल्यावर येशील."

"मारा, शिव्या द्या, पण चला. तुमची पाहुणी आजपासून तुमच्याकडे."

"पाहुणीचं मग बघू." फिलोमीन उठली. "माझा भाऊ उन्हात उभा आहे ना?"

ती टेकडी उतरली ती अशी की आयोनाला मागे पळावं लागलं. फिलोमीनने ओबेडच्या पुढचा दोर धरला, बूट वाळूत रोवले आणि ओरडली, "काय रे मेल्यांनो, मटण खाऊन ओढताय की न खाता?" गाव हसला, गाणं उठलं, आणि होडी कुरकुरली, हलली, सरकली, आणि थेट पाण्यात गेली. भरतीची शेवटची लाट आली म्हणून, असं कुणी म्हणेल. म्हणू देत. ती पाण्यावर अशी डौलात उभी राहिली की सगळा गाव रीत विसरून वा म्हणाला, आणि झेडॉक थुंकायचं विसरून रडायला लागला.

संध्याकाळी झेडॉक मित्रांबरोबर होडी घेऊन खाडीत फेरी मारायला गेला. आयोनाने गेर्डाची बॅग डोक्यावर घेतली आणि भर गावातून टेकडी चढली. लोक दारादारातून बघत होते. बघू देत, तिने मान खाली घातली नाही. पण बॅग फिलोमीनच्या खोलीत ठेवली, तर ओसरीवर गेर्डा आणि फिलोमीनच्या गप्पा रंगलेल्या ऐकू आल्या. आता आपल्या घरी जायचं म्हणजे रिकाम्या चुलीपुढे बसायचं. ती पायरी उतरायला लागली.

"कुठे निघालीस?" फिलोमीन ओसरीवरून ओरडली. "तिघींचं शिजवलंय. आणि वाढायला लाग, बसून खायला तू काय पाहुणी आहेस?"

आयोनाने खुंटीवरचा एप्रन पदरासारखा खोचला आणि ताटल्या काढल्या.